सुकाणूचक्राचे कंपन व त्याचे निदान

मोटारीच्या अंगी एक दोष असा असतो की, भोईवाड्याच्या गल्ल्यांतून ती वर्षभर चालविली तरी तो कळू नये, आणि शिवडीस अटल सेतूवर चढल्यानंतर पाच मिनिटांच्या आत तो चालकाच्या दोन्ही तळहातांस कळावा. आमच्या ह्या परळ-भोईवाड्याच्या भागात गाडीचा वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरांपलीकडे क्वचितच जातो. पुढे हातगाडी, मागे बस, आणि मध्येच केईएम इस्पितळाकडे निघालेली रुग्णवाहिका, ह्यांच्या सोबतीने चालताना कोणतीही गाडी सालस मुलासारखी वागते. परंतु तीच गाडी मोकळ्या सडकेवर ताशी ऐंशी-नव्वदच्या घरात नेली की तिचे सुकाणूचक्र, ज्यास आपण नित्याच्या बोलण्यात स्टेअरिंग म्हणतो, ते थरथरू लागते. वेग उतरवावा तो थरकाप नाहीसा होतो. चढवावा तो पुन्हा उपस्थित होतो.

ह्या थरकापाचे कारण कोणते आणि ते क्रमाक्रमाने कसे शोधून काढावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पूर्वी आपल्या प्रांतातील रस्ते अरुंद व वळणावळणाचे होते, त्यामुळे हा दोष दबून राहत असे. आता तशी स्थिती नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २०२५ च्या जून महिन्यात तो सुमारे ७०१ किलोमीटरांचा मार्ग मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला; तेथे सपाटीवर मोटारींस ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा घालून दिली आहे. आमच्या घराजवळच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातात, आणि मोटारींस तेथे ताशी १०० पर्यंत जाण्याची मोकळीक आहे. अशा मार्गावर चाकाचा लहानसा दोषही लहान राहत नाही, आणि मध्ये समुद्रावर गाडी उभी करून तपासणी करण्याचीही सोय नसते. सबब, घरून निघण्यापूर्वी आपल्या गाडीची प्रकृती ओळखणे हे चालकाचे कर्तव्य होय.

हा पाठ आम्ही पुस्तकातून प्रथम शिकलो नाही. आमच्या स्वतःच्या एका चुकीतून शिकलो. ती हकीकत पुढे यथास्थळी सांगू. तूर्त एवढेच सांगतो की, त्या चुकीत मोटारीचा अपराध थोडा व आमचा अधिक होता.

१. थरकापाचे मूळ

भोईवाडा ह्या नावातच भोई आहेत. भोई म्हणजे पालखी अथवा मेणा खांद्यावर वाहून नेणारे लोक. त्यांच्या चालण्यात एक नियम असे, तो म्हणजे पावलांचा मेळ. चौघांपैकी एकाचे पाऊल चुकले तर आत बसलेल्या मनुष्यास हिसका बसे. आणि ते प्रत्येक पावलास चुकत राहिले तर हिसकाही प्रत्येक पावलास बसे. भोई सावकाश चालत असता तो हिसका सोसवे. धावू लागले म्हणजे तोच असह्य होई. मोटारीच्या चाकाचा थरकाप हा तत्त्वतः असाच प्रकार आहे.

चाक म्हणजे लोखंडाची किंवा मिश्रधातूची रिम आणि तिच्यावर बसविलेला रबरी टायर. दोहोंपैकी एकही वस्तू सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाची घडविता येत नाही. टायरमध्ये रबराचे थर जेथे जोडले जातात तेथे, किंवा हवा भरण्याच्या व्हॉल्व्हपाशी, दोन-चार तोळ्यांचा फरक राहतोच. चाक स्थिर असता हा फरक डोळ्यांस दिसत नाही. चाक फिरू लागले म्हणजे मात्र ती जड जागा, गोफणीतील दगडाप्रमाणे, बाहेर ओढ घेऊ लागते. तुमच्या भोवऱ्याची आर मध्यबिंदूपासून थोडी सरकली असता भोवरा कसा लटपटतो, आणि आर बरोबर मध्यावर असता तो कसा झोप घेतो, हे आठवा, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

आता थोडे गणित करू. लहान मोटारीस साधारणपणे असणाऱ्या एका टायरचा परीघ अजमासे १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे २७.८ मीटर, अर्थात ते चाक एका सेकंदात सुमारे १४ फेरे घेते. समजा, रिमच्या कडेस, मध्यापासून १९ सेंटिमीटरांवर, एका बाजूस ३० ग्रॅम वजन अधिक आहे. ३० ग्रॅम म्हणजे काही मोठे वजन नव्हे. परंतु सेकंदास १४ फेऱ्यांच्या गतीत त्याची बाहेरची ओढ सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाइतकी होते, आणि ती सेकंदास चौदा वेळा दिशा बदलते. हीच गाडी ताशी ५० ने चालली तर ओढ किती होईल? निम्मी होईल असे पुष्कळांस वाटते. पण ते बरोबर नाही. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौथाईवर, म्हणजे एक किलोग्रॅमहून किंचित अधिक, एवढी उरते. ताशी २५ ला ती आणखी चौथाईवर येते. भोईवाड्यात गाडी सालस का वागते आणि सेतूवर का थरथरते, ह्याचे अर्धे उत्तर ह्या एका नियमात आहे.

उरलेले अर्धे उत्तर झोक्यात आहे. झोक्यावर बसलेल्या मुलास अवेळी कितीही जोराने ढकलले तरी झोका वाढत नाही. पण त्याच्या स्वाभाविक लयीस धरून बोटाने ढकलले तरी तो उंच जातो. गाडीची चाके स्प्रिंगांवर व टायरच्या लवचिक रबरावर तोललेली असतात, आणि त्यांच्याही हेलकाव्याची एक स्वाभाविक लय असते. बहुधा ती सेकंदास दहा ते पंधरा ह्या दरम्यान पडते. चाकाच्या जड जागेची ओढ आणि ही लय जेव्हा एकमेकींस मिळतात तेव्हा थरकाप एकाएकी वाढतो. लहान मोटारीत ही भेट बहुधा ताशी ८० ते ११० च्या दरम्यान घडते. ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. त्या वेगाच्या पलीकडे गाडी नेली असता थरकाप कधी कधी कमी भासतो. म्हणून काही चालक, वेग वाढविला की दोष जातो, असे मानून चालतात. हा भ्रम अत्यंत घातक होय. दोष जात नाही, तो केवळ हातास कळेनासा होतो, आणि ओढ तर वाढतच असते.

पुढच्या चाकाचा थरकाप सुकाणूपर्यंत पोहोचतो कसा, तेही पाहू. पुढची चाके वळण घेण्यासाठी एका उभ्या आसाभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतात. जड जागेची ओढ ह्या आसाच्या नेमक्या रेषेत नसते, किंचित बाजूस असते. त्यामुळे चाक प्रत्येक फेऱ्यात थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे ओढले जाते. ती ओढ टाय रॉड नामक दांड्यांतून सुकाणूच्या यंत्रात आणि तेथून हातांत येते. मागच्या चाकांस ही वाट नाही. त्यांचा थरकाप गाडीच्या सांगाड्यातून आसनात व पायाखालच्या पत्र्यात येतो. हात थरथरले तर पुढची चाके पाहावी, बैठक थरथरली तर मागची पाहावी, हा साधा नियम निदानाच्या कामी फार उपयोगाचा आहे.

२. प्रश्न आधी, पाना मागून

केईएम इस्पितळात एखादा रोगी आला असता डॉक्टर प्रथम नळी लावीत नाही. प्रथम विचारतो, दुखते केव्हापासून, केव्हा वाढते, केव्हा कमी होते. मोटारीच्या बाबतीतही हीच रीत योग्य आहे. पाना हातात घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावी. गाडी चालविणाऱ्याने लिहू नये. शेजारी बसलेल्याने लिहावे, आणि चालकाचे दोन्ही हात सुकाणूवरच असावे.

पहिला प्रश्न : थरकाप कोणत्या वेगास सुरू होतो? ताशी ८० च्या पुढे सुरू होऊन संथ, बारीक व सारखा राहत असेल तर चाकाचा तोल बिघडला असण्याचा संभव सर्वांत अधिक. ताशी २० ते ४० मध्येच सुकाणू डावी-उजवीकडे डुलत असेल तर टायर आतून फुगला किंवा विलग झाला आहे, अथवा रिम वाकली आहे, अशी शंका घ्यावी. हा प्रकार अधिक गंभीर होय.

दुसरा प्रश्न : थरकाप ब्रेक दाबतानाच होतो काय? एरवी सुकाणू शांत असून ब्रेक दाबताच थरथरत असेल, आणि पायाखालचे ब्रेकचे पॅडलही धडधडत असेल, तर दोष टायरात नसून बहुधा ब्रेकच्या डिस्कमध्ये आहे. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिली नाही म्हणजे ब्रेकची पकड प्रत्येक फेऱ्यात घट्ट-सैल होते. अशा गाडीचे चाक शंभर वेळा तोलले तरी गुण येणार नाही. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. ज्या गाड्यांत चाक घसरू न देणारी ए.बी.एस. ही यंत्रणा असते, त्यांत निकराचा ब्रेक दाबला असता पॅडल पायास धक्के देते. तो दोष नव्हे, त्या यंत्रणेचे काम चालू असल्याची ती खूण होय.

तिसरा प्रश्न : थरकाप चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे की इंजिनाच्या? ह्याची परीक्षा सोपी आहे. ज्या वेगास थरकाप येतो त्याच वेगाने, रस्ता मोकळा पाहून, पाचव्या गिअरमधून चौथ्यात यावे. चाकांचा वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे मात्र वाढतात. थरकाप होता तसाच राहिला तर दोष चाकांकडे. बदलला तर इंजिनाकडे. गाडी उभी असता इंजिन वाढविले तरी ती थरथरत असेल, तर इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसविलेले असते ते मोडले आहेत काय ते पाहावे. उतारावर इंजिन बंद करून किंवा गिअर काढून ही परीक्षा करण्याचा मोह कोणीही धरू नये; त्यात ब्रेकचे व सुकाणूचे साहाय्य नष्ट होण्याचा धोका आहे.

चौथा प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढीत असतानाच थरकाप होतो, आणि पाय उचलताच थांबतो काय? तसे असेल तर इंजिनाची शक्ती चाकांस पोहोचविणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याची झीज संभवते.

पाचवा प्रश्न : थरकाप केव्हापासून आहे, आणि त्यापूर्वी काय घडले? नवे टायर घातले काय? पंक्चर काढले काय? खड्ड्यात चाक आपटले काय? गाडी फार दिवस एकाच जागी उभी होती काय? २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळांच्या गाड्या महिनोन्महिने हलल्या नाहीत. अशा वेळी टायरचा जमिनीस टेकलेला भाग चपटा होतो. तो चपटेपणा कधी काही किलोमीटर चालल्यावर टायर तापून आपोआप जातो, कधी कायमचा राहतो. ह्या पाचव्या प्रश्नास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो, कारण तो यंत्रास नव्हे, मालकास विचारावयाचा असतो. आणि मालकाचे उत्तर मिळविणे पुष्कळदा यंत्राच्या उत्तरापेक्षा कठीण पडते.

३. दृष्टीने व हाताने तपासणी

प्रश्न संपल्यावर चाकांकडे वळावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी आणि स्वस्तात होणारी तपासणी आधी करावी, खर्चाची मागून.

सर्वप्रथम चाकाचे नट घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे. चाक काढून पुन्हा बसविल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी नट एकदा पुनः तपासणे इष्ट असते. सैल नट हा थरकापाच्या कारणांपैकी सर्वांत सोपा व सर्वांत भयंकर आहे. नंतर टायर थंड असता हवा मोजावी; योग्य दाब किती तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा कमी असली तर टायर अधिक लवतो, तापतो, आणि लांबच्या सडकेवर फुटतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासण्याचे काम हाती घेतले, त्याचे कारण हेच.

नंतर टायरवर तळहात फिरवून पाहावे. नक्षीच्या चिरांची खोली १.६ मिलिमीटरांवर आली म्हणजे टायर बाद समजावा. चिरांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते पृष्ठभागाच्या बरोबरीस आले की ती मर्यादा गाठली असे जाणावे. टायरच्या बाजूवर एक चार अंकी आकडा कोरलेला असतो. तो २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. चिरा शाबूत असल्या तरी रबर वयाने कडक होते व आतून विरते, म्हणून हा आकडा वाचण्याची सवय ठेवावी. बाजूच्या भिंतीवर कोठेही फुगवटा दिसला तर पुढील सर्व तपासणी थांबवावी, ते चाक काढून स्टेपनी लावावी, आणि तो टायर पुन्हा वापरू नये. त्या जागी आतील धागे तुटलेले असतात आणि हवा केवळ रबराच्या सालीने धरलेली असते.

ह्यानंतर रिम पाहावी. तोल साधण्यासाठी रिमच्या कडेस किंवा आतल्या अंगास पाच-पाच ग्रॅमांची लहान वजने लाविलेली असतात. त्यांतील एखादे गळून पडले असेल तर तेथे स्वच्छ चौकोनी डाग दिसतो. रिमच्या आतल्या बाजूस चिखल साचला आहे काय तेही पाहावे. हे पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात, म्हणूनच ते सहसा पाहिले जात नाही.

एवढे झाल्यावरच बॅलन्सिंगच्या यंत्राकडे जावे. ते यंत्र चाक फिरवून जड जागा आतल्या कडेस आहे की बाहेरच्या, आणि तिच्या विरुद्ध किती ग्रॅम लावावे, हे सांगते. आतली व बाहेरची बाजू निराळी का मोजावी, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. त्याचे उत्तर असे की, एक जड जागा वरच्या अंगी आतल्या कडेस आणि दुसरी तितकीच जड जागा खालच्या अंगी बाहेरच्या कडेस असली, तर उभे चाक तराजूसारखे समतोल राहील. पण फिरू लागताच त्या दोन ओढी त्यास पिळू लागतील व चाक लटपटेल.

येथे एका सामान्य गैरसमजाचा परिहार केला पाहिजे. बॅलन्सिंग व अलाइनमेंट ही दोन कामे भिन्न आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या दिशा व कोन जुळविणे. ते बिघडले असता गाडी एका बाजूस ओढते व टायर एका कडेस झिजतात. केवळ तेवढ्याने सुकाणू वेगात थरथरत नाही. थरकापासाठी अलाइनमेंट करविणे म्हणजे दातदुखीवर चष्मा घेण्यासारखे आहे.

तोल बरोबर असूनही थरकाप राहिला तर पुढची चाके मागे व मागची पुढे करून पाहावे. मात्र ज्या गाडीस पुढे-मागे निराळ्या मापाचे टायर असतील तिला ही कसोटी लागू नाही. थरकाप हातांतून बैठकीत गेला तर दोष त्या चाकांबरोबर मागे गेला. हातांतच राहिला तर तो चाकांत नसून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड ह्यांपैकी कशात तरी आहे. त्यासाठी मिस्त्री गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली आणि डावे-उजवे हलवून ढिलेपणा पाहतो. हे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीच जाऊ नये. आणि सर्वांत मुख्य नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी व फळ पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर थरकाप जाईल कदाचित, पण ज्ञान काहीच पदरी पडणार नाही.

४. आमची हकीकत

गेल्या पावसाळ्यात रोहे तालुक्यातील एका खेड्यात आम्हांस सहकुटुंब जावे लागले. शेवटचे दीड-दोन किलोमीटर कच्च्या वाटेचे होते. चिखलातून गाडी रडतखडत गेली व तशीच परतली. येताना एका खड्ड्यात मागचे चाक सणकून आपटले. दुसऱ्या आठवड्यात सेतूवरून जात असता सुकाणू थरथरू लागले. मिस्त्रीकडे गाडी नेली. तो म्हणाला, “सर, रिम आतून धुऊन घेतो, अर्धा तास लागेल.” आम्ही घाईत होतो. “धुणे राहू द्या, तेवढे बॅलन्सिंग करा,” असे आम्ही म्हटले. त्याने केले, थरकाप गेला, आणि आठच दिवसांत अधिक जोराने परत आला.

आम्ही त्याच्याकडे जाऊन चार माणसांसमोर कठोर शब्द बोललो. काम केले नाही, पैसे मात्र घेतले, असा आमच्या बोलण्याचा आशय होता. त्याने उत्तर केले नाही.

त्या आठवड्यात नववीच्या वर्गात वर्तुळाकार गतीचा पाठ होता. उदाहरण म्हणून आम्ही आमच्याच गाडीची गोष्ट सांगितली आणि वरील पाच प्रश्न फळ्यावर मांडले. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, फक्त हात थरथरतात की बसायची जागापण?” आम्हांस उत्तर देता येईना. आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते. पुढील रविवारी उपासनेनंतर आमच्या वडील चिरंजीवांस शेजारी कागद-पेन्सिल देऊन बसविले आणि सेतूच्या दिशेने गेलो. उत्तर असे मिळाले की, हातही थरथरत होते आणि बैठकही. दोन निरनिराळे दोष एकाच तक्रारीत मिसळले होते.

घरी येऊन आम्ही गुडघे टेकले. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगास रोह्याचा चिखल वाळून दगडासारखा बसला होता, आणि त्यातून तळहाताएवढी एक खपली निघून गेलेली स्पष्ट दिसत होती. मिस्त्रीने चाक तोलले ते चिखलासकट तोलले होते, आणि अगदी बरोबर तोलले होते. नंतर खपली पडली व तोल गेला. वजन त्याने चुकविले नव्हते. अर्धा तास आम्ही चुकविला होता. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या भिंतीवर, बाहेरून कधीही दिसला नसता असा, अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता. तो त्या खड्ड्याचा. त्या टायरावर आम्ही आमच्या कुटुंबास तीन वेळा समुद्रावरून नेऊन आणले होते.

फुगलेले चाक त्याच जागी काढून स्टेपनी लाविली, आणि दुसऱ्या दिवशी सावकाश गाडी मिस्त्रीकडे नेली. रिमा धुवविल्या, मागचे दोन्ही टायर बदलविले, चारही चाके पुन्हा तोलविली. नंतर, पूर्वी जेथे कठोर शब्द बोललो होतो तेथेच, त्याच्या कामगारांसमोर, आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “असू द्या, सर,” आणि पोऱ्यास चहा आणावयास पाठविले. आता सुकाणू ताशी ९० लाही निश्चल राहते.

विद्यार्थिमित्रहो, थरकाप ही गाडीने दिलेली सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष करणे जितके अनिष्ट, तितकेच तिचा अर्थ न शोधता जवळच्या मनुष्यास दोष देणे अनिष्ट आहे. परमेश्वराने आम्हांस त्या टायरापासून राखिले, ह्याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतो. परंतु त्याने ते राखणे एका मुलाच्या प्रश्नाच्या द्वारे केले, हे आम्ही विसरत नाही. म्हणून वर्गात प्रश्न विचारण्यास कोणीही लाजू नये.

स्वाध्याय

१. लेखातील ३० ग्रॅमच्या उदाहरणात ताशी ७५ किलोमीटर वेगास बाहेरची ओढ सुमारे किती होईल ते काढा.

२. एका गाडीचे सुकाणू केवळ ब्रेक दाबताना थरथरते. मालकाने चाके तोलून घेतली. त्याचा खर्च व्यर्थ का गेला ते सांगा.

३. घरातील किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरील चार अंकी आकडा वाचून त्याचे वय काढा. चिरांची खोली पाहा. जे आढळेल ते मालकास नम्रपणे कळवा.

४. घरच्या छताच्या पंख्याचे एक पाते किंचित वाकले असता तो मंद गतीत शांत व जलद गतीत हलताना का दिसतो, ते ह्या लेखाच्या आधारे लिहा.